हाडासकट ग्राफ्टचा आग्रह कुणासाठी?

गुडघ्याचा लिगामेंट तुटला की सोयगाव, फर्दापूर, बनोटी या भागात एक सल्ला ठरलेला असतो. "करायचंच असेल तर हाडासकट ग्राफ्ट टाकून घे. हाड हाडाला जुळतं. बाकी सगळं कच्चं." कबड्डीचे जुने खेळाडू हा सल्ला देतात, पोलीस भरतीची तयारी करून घेणारे देतात, स्वतःचं ऑपरेशन झालेला मावसभाऊ देतो, आणि शहरातले काही शल्यचिकित्सकही थोड्या जड शब्दांत हेच सांगतात. हा सल्ला साफ खोटा असता तर मी त्यावर लिहायला बसलो नसतो. तो अर्धा खरा आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्याच्या जोरावर तो कुणालाही, कुठल्याही वयात, कुठल्याही कामाच्या माणसाला दिला जातो. त्याला माझा विरोध आहे.

गुडघ्याच्या मधोमध मांडीचं हाड आणि नडगी यांना तिरका बांधणारा तीन-चार सेंटिमीटर लांबीचा एक बंध असतो. सगळे त्याला एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. चढाई करणारा मध्यरेषेकडे वळतो, पाय मॅटवर रोवलेला राहतो, मागून मांडी धरलेली असते, आणि आत कट् असा आवाज होतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टम्म सुजतो. हा बंध पूर्ण तुटला की नुसते टाके घालून तो भरवशाने सांधत नाही. म्हणून त्याच्या जागी शरीरातलीच दुसरी एखादी कंडरा घेऊन, दोन्ही हाडांत बोगदे पाडून, ती ओवून बसवतात. ही आणलेली कंडरा म्हणजे ग्राफ्ट.

ती कुठून आणायची, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हे ग्रोव्ह्ज यांनी 1917 साली मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा वापरला होता. अमेरिकेत केनेथ जोन्स यांनी 1963 मध्ये गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा हाडाच्या तुकड्यासह वापरली, आणि 1980 च्या दशकात त्याच पद्धतीचं सुधारलेलं रूप जगभर पसरलं. पुढे दुर्बीण आली, ग्राफ्ट अडकवायची छोटी धातूची बटणं आली, आणि मांडीच्या मागच्या हॅमस्ट्रिंग कंडरांचा चार पदरी ग्राफ्ट बहुतेक ठिकाणी पहिल्या पसंतीचा झाला. मधल्या काळात कार्बनचे धागे, गोरटेक्सचे पट्टे असे कृत्रिम उपायही होऊन गेले. त्यांचा चुरा सांध्यात सांडून गुडघे सुजत राहिले आणि ते पट्टे तुटत राहिले. गोरटेक्सचा लिगामेंट 1993 मध्ये अमेरिकेच्या बाजारातून गेला. आज कुणी "बाहेरून नायलॉनसारखं काही बसवून घ्या, स्वतःचं काही कापायला नको" असं सांगत असेल, तर हा इतिहास त्याच्यासमोर ठेवावा.

आता मूळ सल्ल्याकडे येतो. हाडासकट ग्राफ्ट म्हणजे वाटीखालच्या कंडरेचा मधला तिसरा हिस्सा, साधारण 10 मिलिमीटर रुंद, एका टोकाला वाटीच्या हाडाचा तुकडा आणि दुसऱ्या टोकाला नडगीच्या उंचवट्याचा तुकडा. दोन्ही तुकडे साधारण दोन-अडीच सेंटिमीटर लांब. ते बोगद्यात बसवून शेजारी स्क्रू घट्ट करतात. बोगद्याच्या भिंतीशी हाडाचा तुकडा फ्रॅक्चर जुळावं तसा साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतो. नुसती कंडरा बोगद्यात धरायला त्याहून अधिक वेळ घेते, आठ ते बारा आठवडे. सल्ला देणाऱ्यांचा पहिला आणि सगळ्यात मोठा मुद्दा हाच, आणि तो बरोबर आहे.

पण गुडघा सांभाळायचं काम बोगद्यातला भाग करत नाही. ते काम दोन बोगद्यांच्या मधला, सांध्यात उघडा असलेला भाग करतो. तिथे हाड नाही. तिथे वाटीची कंडरा असो की हॅमस्ट्रिंग, दोघींच्या नशिबी एकच प्रवास आहे. रक्तपुरवठा तोडून आणलेली कंडरा आधी मरते. मग तिच्यात हळूहळू नव्या रक्तवाहिन्या शिरतात, नव्या पेशी येतात, जुने तंतू जाऊन नवे विणले जातात. पहिल्या काही महिन्यांत ग्राफ्ट बसवला त्या दिवसापेक्षाही कमजोर असतो, आणि पूर्ण बांधणी व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. कुंपणाचा खांब जमिनीत कितीही पक्का रोवला तरी तार गंजलेली असेल तर जनावर आत येणारच. "हाड हाडाला जुळलंय, आता उतर मैदानात" असं तिसऱ्या महिन्यात सांगणारा माणूस खांब हलवून बघतो आणि तारेकडे बघतच नाही. मैदानावर परतल्यावर ग्राफ्ट तुटतो तो बहुधा या मधल्या भागात.

दुसरा मुद्दा आकड्यांचा. या सल्ल्याच्या बाजूने सगळ्यात भक्कम पुरावा नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क या तीन देशांच्या नोंदवह्यांतून येतो. तिथे प्रत्येक ऑपरेशनची नोंद होते. 2014 मध्ये 45,998 गुडघ्यांचा हिशेब प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आत पुन्हा ऑपरेशन करावं लागलं ते हॅमस्ट्रिंगच्या 4.2 टक्के गुडघ्यांत आणि वाटीच्या ग्राफ्टच्या 2.8 टक्के गुडघ्यांत. म्हणजे हजारात 42 विरुद्ध 28. हा फरक खरा आहे, आणि तो लपवून हॅमस्ट्रिंगची जाहिरात करणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. पण "बाकी सगळं कच्चं" हे विधान या आकड्यांवर उभं राहू शकत नाही. हजारातले 958 हॅमस्ट्रिंगचे गुडघे पाच वर्षांत पुन्हा टेबलावर आले नाहीत. उरला 14 चा फरक. तो कुणासाठी मोलाचा आहे आणि त्याची किंमत कोण मोजतो, हे विचारलं पाहिजे.

किंमत आहे गुडघ्याच्या पुढच्या बाजूचं दुखणं. वाटीतून आणि नडगीतून हाड काढलेलं असतं, मधली कंडरा चिरलेली असते, शेजारची त्वचेची नस कापली जाऊन कातडी बधिर होते. गुडघे टेकले की दुखतं, आणि पुष्कळांचं ते वर्षानुवर्षं राहतं. हॅमस्ट्रिंगपेक्षा वाटीच्या ग्राफ्टमध्ये हा त्रास जास्त, यावर तज्ज्ञांत फारसा वाद नाही. शिवाय क्वचित वाटीच मोडते किंवा उरलेली कंडरा तुटते. ज्या समाजात लोक खुर्चीवर बसतात, कमोड वापरतात आणि गुडघे टेकायची वेळ क्वचित येते, तिथे हा त्रास सहन होण्यासारखा असतो. तिथल्या मोजमापाच्या प्रश्नावल्यांतही गुडघे टेकण्याचे प्रश्न मोजकेच असतात.

सोयगावच्या बाईचा दिवस बघा. निंदणीला उकिडवं बसायचं, ओळीनं सरकत जायचं, मध्ये गुडघा टेकून तोल सांभाळायचा. घरी चुलीपुढे बसायचं, सारवायचं, भाकरी थापायला मांडी घालायची. फरशी बसवणारा गवंडी दिवसभर गुडघ्यांवर असतो. पाच वेळा नमाज पढणाऱ्याला रोज अनेकदा गुडघे जमिनीला लावायचे असतात. वारकरी दंडवत घालतो. अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, खानदेशाच्या उंबरठ्यावर असलेल्या या तालुक्यात बहुतेक कष्ट जमिनीलगत होतात. अशा माणसाच्या वाटीतून हाड काढताना त्याला "तू गुडघे किती वेळा टेकतोस?" हा प्रश्न न विचारणं मला अक्षम्य वाटतं. चौदा हजारांशांच्या फायद्यासाठी त्याच्या रोजच्या कामावर घाला घालायचा, आणि तोही त्याला न सांगता?

यावर उत्तर येईल की हे कष्टकऱ्याचं झालं, खेळाडूचं काय? खेळाडूंतही सगळे गुडघे एकसारखे नाहीत. एकाच संघातले दोघे घ्या. चढाईपटू टाच मागे झोकून बोनस रेषेकडे जातो, पकडीतून निसटताना पाय मागे दुमडून ओढतो. त्याच्यासाठी मांडीच्या मागचा जोर मोलाचा आहे, आणि हॅमस्ट्रिंगच्या कंडरा काढल्यावर गुडघा पूर्ण दुमडलेल्या स्थितीतला जोर थोडा कमी पडतो. शिवाय त्याच्या खेळात वळणं आणि धक्के इतके आहेत की ग्राफ्ट पुन्हा तुटण्याचा धोकाही मोठा. त्याला वाटीचा ग्राफ्ट सुचवणाऱ्या शल्यचिकित्सकाशी मी भांडणार नाही. आता त्याच संघाचा डावा कोपरारक्षक घ्या. अँकल होल्ड मारताना तो प्रत्येक पकडीला गुडघ्यावर झेपावतो. वाटीखाली कायमचं दुखणं घेऊन तो पकड मारणार कशी? दोघंही कबड्डीच खेळतात, पण दोघांच्या गुडघ्यांची गरज वेगळी आहे. मग सरसकट एकच सल्ला कसा देता येईल?

वयाचा प्रश्न त्याहूनही गंभीर आहे. शालेय कबड्डी, खो-खो, कुस्तीत तेरा-चौदा वर्षांच्या मुलामुलींचे लिगामेंट तुटतात. त्या वयात गुडघ्याजवळच्या वाढीच्या पट्ट्या उघड्या असतात, उंची तिथूनच वाढत असते. त्या पट्टीतून हाडाचा तुकडा आरपार बसवला तर तिथे हाडाचा पूल तयार होऊन त्या भागाची वाढ थांबू शकते, पाय वाकडा किंवा आखूड राहू शकतो. म्हणून वाढ चालू असलेल्या मुलांत हाडाचा तुकडा वाढीच्या पट्टीत ठेवणं टाळतात आणि मऊ कंडरेचा ग्राफ्ट, तोही वेगळ्या तंत्राने वापरतात. "हाडासकटच घ्या" हा सल्ला शाळेच्या मैदानावर ऐकू येतो तेव्हा मला खरोखर धास्ती वाटते. आईवडील तोच शब्द घेऊन दवाखान्यात जातात आणि डॉक्टर वेगळं सांगू लागला की "स्वस्तातलं देतोय" असा संशय घेतात.

हॅमस्ट्रिंगवाल्यांनाही मोकळं सोडता येणार नाही. शहरातल्या बऱ्याच ठिकाणी तो डोळे झाकून वापरला जातो. पण ग्राफ्टची जाडी 8 मिलिमीटरपेक्षा कमी भरली तर, विशेषतः तरुणांत, तो तुटण्याचा धोका वाढतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आपल्याकडे कमी उंचीच्या, बारीक बांध्याच्या माणसांत, आणि मुलींत तर विशेषच, या कंडरा बारीक निघू शकतात. ऑपरेशन सुरू झाल्यावर कंडरा हातात आली आणि ती साडेसहा मिलिमीटरची निघाली, मग काय? त्याची तयारी आधीपासून हवी. त्यातूनच घोट्याच्या बाहेरच्या बाजूने काढायची पेरोनियस लाँगस कंडरा भारतात आणि इंडोनेशियात रुळली. छोट्या छेदातून चांगली जाड कंडरा मिळते, मांडी आणि वाटी दोन्ही वाचतात, आणि बहुतेक अभ्यासांत घोट्याचं काम फारसं बिघडलेलं दिसलं नाही. तरीही वेताळवाडीच्या डोंगरउतारावर रोज जनावरांमागे फिरणाऱ्या माणसाला, दगडांवर घोटा सांभाळणाऱ्या स्नायूतला थोडाही जोर काढून घेताना विचारलं पाहिजे. चौथा पर्याय वाटीच्या वरच्या, मांडीच्या पुढच्या कंडरेचा. ती जाड असते, हाडाच्या तुकड्यासह किंवा त्याविना घेता येते, आणि गुडघे टेकताना ती जागा जमिनीला लागत नाही. तिची लोकप्रियता वाढते आहे, आणि आपल्याकडच्या जमिनीवर बसणाऱ्या माणसांसाठी तिचा विचार जितका व्हायला हवा तितका होत नाही, असं माझं मत आहे.

दात्याच्या ग्राफ्टचंही इथे सांगून टाकतो. मृत दात्याकडून घेतलेल्या ऊतींचा वापर आपल्याकडे कायद्याच्या चौकटीत होतो. 1994 च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात 2011 च्या दुरुस्तीने ऊतींचाही समावेश झाला. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊती बँक 1988 पासून काम करते आहे. हे मोठं काम आहे, आणि हाडाच्या कर्करोगात, मोठ्या दुखापतीत दात्याचं हाड म्हणजे वरदान. पण तरुण खेळाडूच्या एसीएलसाठी दात्याची कंडरा हा वेगळा प्रश्न. अमेरिकेतल्या मून या संशोधक-गटाने 2011 मध्ये दाखवून दिलं की दात्याचा ग्राफ्ट तुटण्याची शक्यता स्वतःच्या ग्राफ्टच्या चौपट असते, आणि वय जितकं कमी तितका धोका वाढत जातो. त्यातही जंतू मारण्यासाठी जास्त किरणोत्सार दिलेली कंडरा आणखी कमजोर होते. "पैसे जास्त घ्या पण मुलाचं काही कापू नका" असं म्हणणाऱ्या बापाची माया मला कळते. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत त्या मायेतून निवडलेला हा महागडा पर्याय नेमका सगळ्यात धोक्याचा ठरतो.

मग हाडाच्या रोपणाला लिगामेंटच्या शस्त्रक्रियेत जागाच नाही का? आहे, आणि मोठी आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी. पहिलं ऑपरेशन फसलं, ग्राफ्ट तुटला, आणि दुसऱ्यांदा करायची वेळ आली की सीटी स्कॅनमध्ये बघतात की जुने बोगदे किती रुंद झाले आहेत. बोगद्यात ग्राफ्ट हलत राहिला, सांध्यातलं पाणी आत शिरत राहिलं, तर हाड झिजून बोगदा फुगत जातो. तो खूप मोठा झाला असेल, किंवा चुकीच्या जागी असून नव्या बोगद्याला छेदत असेल, तर नव्या ग्राफ्टला धरायला भिंतच उरत नाही. अशा वेळी आधी जुना स्क्रू काढून, बोगदा खरवडून, त्यात हाड भरावं लागतं. ते बहुधा रुग्णाच्याच कमरेच्या हाडाच्या कडेतून घेतात. कधी दात्याचं किंवा कृत्रिम हाडाचे दाणे वापरतात. कमरेचं हाड जिवंत असतं, त्यात हाड तयार करणाऱ्या पेशी असतात, म्हणून ते भरवशाचं. पण कमरेची ती जागा पुढे काही आठवडे, काहींना महिने दुखते. दात्याच्या हाडात ते दुखणं वाचतं, मात्र भरून यायला वेळ लागतो. हाड भरून आलं की साधारण चार ते सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन, आणि मग पुन्हा नव्याने व्यायाम. म्हणजे एका गुडघ्यापायी शेतकऱ्याचे दोन हंगाम जातात. पेरणीला एक ऑपरेशन, वेचणीला दुसरं.

ही वेळ का येते, हे बघितलं तर हाडासकट ग्राफ्टचा आग्रह आणखी पोकळ दिसू लागतो. पहिला ग्राफ्ट फसण्याच्या कारणांत बोगदा चुकीच्या जागी पडणं हे फार वरचं कारण आहे. मांडीच्या हाडातला बोगदा मूळ बंधाच्या जागेपासून थोडा पुढे किंवा फार वर पडला की ग्राफ्ट कुठलाही असो, तो एका स्थितीत ताणला जातो, दुसऱ्या स्थितीत सैल पडतो आणि शेवटी तुटतो किंवा ढिला होतो. चुकीच्या बोगद्यातला वाटीचा ग्राफ्ट बरोबर बोगद्यातल्या हॅमस्ट्रिंगपेक्षा वाईट. तरीही नातेवाईक "ग्राफ्ट कुठला?" विचारतात, आणि "असे गुडघे तुम्ही वर्षाला किती करता, पुन्हा करावे लागले ते किती?" हा प्रश्न विचारायला कचरतात. डॉक्टरला राग येईल असं वाटतं. चांगल्या शल्यचिकित्सकाला या प्रश्नाचा राग येत नाही.

आता सगळ्यात अवघड आक्षेप. "ऑपरेशन लवकर केलं नाही तर गुडघा कायमचा गेला" ही भीती या सल्ल्याच्या तळाशी आहे, आणि ग्राफ्टची सगळी घाई तिच्यातून निघते. स्वीडनमध्ये 121 तरुण, सक्रिय माणसांवर झालेला कॅनॉन नावाचा अभ्यास 2010 साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांचं लवकर ऑपरेशन केलं, उरलेल्या 59 जणांना आधी नीट व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दोन वर्षांत त्या 59 पैकी 23 जणांनाच ऑपरेशन लागलं, आणि दोन्ही गटांच्या गुडघ्यांच्या गुणांत फरक आढळला नाही. उलट बाजूही सांगायला हवी. 2022 मध्ये ब्रिटनमध्ये 316 जणांवरचा अभ्यास आला. त्यात जुन्या दुखापतीचे, गुडघा वारंवार दगा देणारे लोक होते, आणि त्यांच्यात ऑपरेशन केलेल्यांना अधिक फायदा झाला. दोन्ही एकत्र वाचलं तर अर्थ लागतो. गुडघा अडकत नसेल, आतली गादी, म्हणजे मेनिस्कस, मोठी फाटलेली नसेल, तर आधी काही महिने मनापासून व्यायाम करून बघायला हरकत नाही; तरीही गुडघा निसटतच राहिला तर ऑपरेशन टाळू नये, कारण प्रत्येक निसटण्यागणिक आतली गादी फाटत जाते.

पोलीस भरतीच्या मुलांना हे कुणी सांगत नाही. मैदानी चाचणीत मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, 100 मीटर आणि गोळाफेक. यात अचानक वळणं नाहीत. तुटलेल्या एसीएलसह, मांडीचे स्नायू भक्कम करून, सरळ धावणारी माणसं असतात. चाचणीला सहा महिने उरलेत म्हणून घाईने ग्राफ्ट बसवायचा आणि चौथ्या महिन्यात दौड सुरू करायची, हा त्यातला सगळ्यात वाईट मार्ग. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या खेळाडूंवरचा एक अभ्यास 2016 मध्ये आला. मैदानात परतणं नवव्या महिन्यापर्यंत जितके महिने लांबवलं, तितकी दर महिन्याला नव्या दुखापतीची शक्यता निम्म्याने कमी होत गेली. ग्राफ्टच्या निवडीने मिळणारा 14 हजारांशांचा फायदा यापुढे फिका आहे.

यावर कुस्तीपटू विनेश फोगाटचं नाव घेतलं जातं. ऑगस्ट 2023 मध्ये तिच्या डाव्या गुडघ्यावर मुंबईत शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारी 2024 मध्ये जयपूरला ती राष्ट्रीय स्पर्धा जिंकली, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये ऑलिंपिकच्या अंतिम फेरीपर्यंत पोहोचली. त्या जिद्दीला माझा मनापासून नमस्कार. पण तिचं उदाहरण सोयगावच्या मुलीला देणाऱ्याने तिच्यामागे उभे असलेले फिजिओ, प्रशिक्षक, रोज होणारी मोजमापं हेही सांगावं. आणि क्रिकेटपटू ऋषभ पंतचंही सांगावं: जानेवारी 2023 मध्ये मुंबईत गुडघ्याची शस्त्रक्रिया, आणि पहिला सामना मार्च 2024 मध्ये. सगळी साधनं हाताशी असलेला माणूस चौदा महिने थांबला.

मुलींबद्दल अजून एक. फुटबॉल-बास्केटबॉलसारख्या वळणांच्या खेळांत मुलींचा एसीएल मुलांच्या दुपटी-तिपटीने तुटतो. त्यांच्या कंडरा बारीक, त्यांच्या ऑपरेशनला घरून होकार उशिरा, आणि व्यायामाला वेळ सगळ्यात कमी, कारण घरात परतल्या दिवसापासून काम वाट बघत असतं. हाडासकट ग्राफ्टचा जो सल्ला मुलाला दिला जातो तोच मुलीला दिला जातो, पण तिला आयुष्यभर निंदणीला आणि चुलीपुढे बसायचं आहे हे गृहीत धरलेलं असूनही तिच्या वाटीचा विचार होत नाही. उडी मारून खाली उतरताना गुडघे आत वळू न देण्याचा सराव, वळताना पावलं लहान ठेवण्याचा सराव, पंधरा-वीस मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा: एवढ्याने अशा दुखापती मोठ्या प्रमाणात कमी होतात हे सिद्ध झालेलं आहे. त्याला ना दुर्बीण लागते ना स्क्रू.

शेवटचा आक्षेप मला माहीत आहे: "हे सगळं शहरातल्यांसाठी. इथून संभाजीनगरचं घाटी रुग्णालय घाट चढून शंभर किलोमीटर, जळगाव पहूरमार्गे दीड-दोन तास; आठवड्यातून दोनदा व्यायामाला कोण जाईल? म्हणून एकदाच पक्कं करून टाकायचं." अंतराचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष मात्र उलटा आहे. कुठल्याही ग्राफ्टमध्ये एकदाच पक्कं करून टाकायची ताकद नाही. अंतर खरं असेल तर मागणी व्हायला हवी ती फिजिओथेरपिस्टची, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात, ठरलेल्या दिवशी. शस्त्रक्रिया सरकारी योजनेतून झाली तरी पुढचे नऊ महिने रुग्ण आपल्या खिशातून आणि आपल्या रोजंदारीतून भरतो. योजनेचा विचार तिथपर्यंत गेला पाहिजे. व्यायामाला यंत्रं फार लागत नाहीत. वाळूची पिशवी, दोन पायऱ्या, पायाला बांधायचा रबरी पट्टा, आणि आठव्या, बाराव्या, चोविसाव्या आठवड्यात तपासणारा माणूस. गुडघा पूर्ण सरळ होतोय का, मांडीचा घेर दुसऱ्या पायाइतका भरलाय का, एका पायावर उडी मारली तर ती किती लांब जाते. ही उडी शाळेच्या मैदानावर टेपने मोजता येते. ऑपरेशन झालेल्या पायाची उडी चांगल्या पायाच्या 90 टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि नऊ महिने उलटले, की मग चढाईला उतरायला हरकत नाही. ग्राफ्ट वाटीचा असो, मांडीचा असो की घोट्याचा.